गाडी आपली, पेट्रोल आपले. मग मजुरी किती?

संध्याकाळचे सात वाजले की इंदोरा चौकातून सदर, धरमपेठ, वर्धा रोडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लाल किंवा नारिंगी टी-शर्ट घातलेली, पाठीवर चौकोनी पेटी घेतलेली पोरं दिसू लागतात. पेटीत कुणाचा पिझ्झा असतो, कुणाची बिर्याणी, कुणाचे सावजी. आपल्या वस्त्यांमध्ये आज असे घर शोधावे लागत नाही जिथला एखादा मुलगा, भाचा किंवा जावई हे काम करतो. कुणी बारावीनंतर लागला, कुणी बी.ए. होऊन, कुणी आयटीआय करून चार वर्षे परमनंट नोकरीची वाट पाहिल्यावर. त्यांना कुणी नावे ठेवू नयेत. उन्हातान्हात घाम गाळून आणलेला तो पैसा आहे.

पण या कामाची एक बाब अशी आहे की तिच्यावर घरात बसून, वही-पेन घेऊन विचार झाला पाहिजे, आणि तो होताना फारसा दिसत नाही. या कामात गाडी आपली असते. पेट्रोल आपले, मोबाईल आपला, रिचार्ज आपला, पंक्चरही आपलेच. मग महिन्याला हातात जो पैसा येतो त्यातला मजुरीचा किती आणि आपल्याच गाडीचा किती?

ही पद्धत निघाली कुठून, ते पाहण्यासारखे आहे. पिझ्झा घरपोच देण्याच्या धंद्यातली जगातली सर्वात नावाजलेली कंपनी म्हणजे डॉमिनोज. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, यप्सिलांटी नावाच्या गावी, १९६० साली टॉम आणि जेम्स मोनाघन या दोन भावांनी उसनेपासने करून पिझ्झाचे एक लहानसे दुकान विकत घेतले. पिझ्झा पोचवायला त्यांच्याजवळ एक जुनी फोक्सवॅगन बीटल मोटार होती. वर्षभरात जेम्सने धंदा सोडायचे ठरवले. दुकानातला आपला अर्धा हिस्सा त्याने भावाला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात घेतली ती पिझ्झा पोचवायची मोटार! दुकान राहिले टॉमकडे, गाडी गेली जेम्सकडे. पुढे १९९८ साली टॉमने कंपनी विकली तेव्हा तिची किंमत सुमारे १०० कोटी डॉलर झाली होती. धंद्याची किंमत वर चढते आणि गाडीची किंमत दर किलोमीटरला खाली उतरते, हे समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

अमेरिकेत आजही पिझ्झा पोचवणारे बहुतेक लोक स्वतःची मोटार वापरतात. तिथे मोटार म्हणजे आपल्याकडच्या मोटारसायकलसारखी गरजेची वस्तू. पण तिथे कायद्याने एक प्रश्न विचारला जातो. किमान वेतनाचा तिथला केंद्रीय कायदा १९३८ सालचा आहे. मालकाच्या कामासाठी नोकराने स्वतःच्या खिशातून खर्च केला, आणि तो खर्च वजा जाता मजुरी किमान वेतनाच्या खाली गेली, तर तो कायद्याचा भंग धरला जातो. म्हणून दुकानाला गाडीच्या खर्चापोटी काहीतरी भरपाई द्यावी लागते, आणि ती अपुरी पडते म्हणून पिझ्झा पोचवणाऱ्यांनी तिथल्या अनेक राज्यांत कोर्टात दावे लावले. हिशोबाला आधार म्हणून तिथल्या आयकर खात्याचा दर पुढे केला जातो. धंद्यासाठी स्वतःची मोटार वापरली तर २०२५ साली हा दर मैलामागे ७० सेंट होता. या दरात फक्त पेट्रोल धरलेले नसते. गाडीची झीज, टायर, दुरुस्ती, विमा हे सगळे त्यात येते. त्या देशात सारे आलबेल आहे असे मुळीच नाही, पण गाडीची झीज हा खर्च आहे, ही गोष्ट तरी तिथे कागदावर मान्य आहे.

आपल्याकडे डॉमिनोजचे पहिले दुकान १९९६ साली दिल्लीत उघडले. स्विगी २०१४ मध्ये बंगळुरूला सुरू झाली, आणि झोमॅटोने २०१५ मध्ये घरपोच जेवण द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून हे काम नागपूरसारख्या शहरांत गल्लोगल्ली पोचले. पिझ्झाच्या दुकानात निदान मॅनेजर समोर दिसायचा. आता मोबाईलच्या पडद्यावरूनच काम मिळते आणि पडद्यावरूनच बंद होते. आयडी ब्लॉक झाला की भांडायचे कुणाशी, हेच कळत नाही.

आता वही उघडू या. खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे त्या जागी घालावेत.

समजा, मुलगा दिवसाला १०० किलोमीटर गाडी चालवतो. हे ऐकायला जास्त वाटते, पण इंदोऱ्याहून निघून धरमपेठ, तिथून मनीषनगर, तिथून बेसा, आणि बेस्याहून रिकाम्या हाताने परत, असे फेरे मोजले की १०० किलोमीटर कधी होतात ते समजतही नाही. परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे सहसा मिळत नाहीत, पेट्रोल मात्र तेवढेच जळते. गाडी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर सव्वादोन लिटर पेट्रोल लागले. लिटरला शंभराच्या वर भाव धरून २३० रुपये झाले. हा खर्च सगळ्यांना दिसतो, कारण तो रोज पंपावर खिशातून जातो.

न दिसणारे खर्च पुढे आहेत. महिन्याचे २६ दिवस काम केले तर २,६०० किलोमीटर होतात, म्हणजे दर महिन्याला ऑईल बदलून सर्व्हिसिंग आले. त्याचे ९०० रुपये धरले तर रोजचे ३५. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच प्लेट यांचे वर्षाला ८,००० धरले तर रोजचे २५. विमा आणि पीयूसीचे रोजचे ८. बारा हजारांचा मोबाईल दोन वर्षे टिकला तर रोजचे १९, आणि रिचार्जचे १२.

राहिली गाडी. एक लाखाला रस्त्यावर आलेली गाडी चार वर्षांनी विकायला काढली तर समजा २५ हजार मिळाले. मधले ७५ हजार कुठे गेले? ते रोज ६० रुपयांप्रमाणे रस्त्यावर झिजले. रोज २५ किलोमीटर कामावर जाऊन येणाऱ्या माणसाची गाडी चार वर्षांत जेवढी धावते, तेवढी या मुलाची गाडी एका वर्षात धावते. सर्वात जास्त फसवणूक याच ६० रुपयांत आहे. पेट्रोलचे पैसे जाताना दिसतात, हे पैसे जाताना दिसत नाहीत. उलट ते मजुरीच्या रूपाने घरी आल्यासारखे वाटतात, आणि आपण ते भाजीपाल्यात, लग्नाच्या आहेरात खर्चून टाकतो. चार वर्षांनी गाडी खटारा होते तेव्हा नव्या गाडीसाठी पुन्हा फायनान्सवाल्याच्या दारात उभे राहावे लागते.

सगळी बेरीज ३८९ रुपये होते. दिवसाचे ९०० रुपये पडले असतील तर उरले ५११. त्यासाठी ११ तास रस्त्यावर आणि हॉटेलांच्या दारात घालवले असतील, तर तासाला ४६ रुपये पडले. गाडीच्या कर्जाचे व्याज यात धरलेले नाही. हप्त्यातली मुद्दल वेगळी लिहू नये, ती झिजेच्या ६० रुपयांत आली आहे. व्याज मात्र वेगळे लिहावे. ते बचत गटाचे असो, फायनान्स कंपनीचे असो की आईने सोन्याची पोत गहाण ठेवून काढलेले असो. ज्या घरात आईची पोत गहाण आहे त्या घरात मुलाच्या पगाराचा हिशोब आईलाच आधी कळला पाहिजे.

हा हिशोब वाचून कुणी काम सोडावे असे आमचे म्हणणे नाही. कित्येकांना त्याच दिवशी दुसरीकडे ५११ रुपयेही मिळणार नाहीत. पण ९०० समजून पोट भरणे आणि ५११ समजून पोट भरणे यात फरक आहे. विजेच्या गाडीला किलोमीटरमागे खर्च फार कमी पडतो हे खरे, पण बॅटरी गेली की तिची किंमत एकदम उभी राहते, तेव्हा ती किंमतही रोजच्या हिशोबात धरायला हवी. मोठ्या शहरांत तर विजेच्या स्कूटर रोजच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. जुन्या माणसांना यात नवीन काही वाटणार नाही. सायकल रिक्षा अशीच रोजच्या भाड्याने मिळायची. सकाळी न्यायची, रात्री मालकाचे भाडे चुकवायचे, उरेल ते आपले.

दुसरा खर्च पैशात मोजता येत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारची ऑर्डर कुणाच्या तरी डोक्यावरच्या उन्हातून जाते. पावसाळ्यात उशीर झाला की रेटिंग जाते. घाईची किंमत अमेरिकेने फार आधी पाहिली. अर्ध्या तासात पिझ्झा दिला नाही तर फुकट किंवा सवलतीत, अशी डॉमिनोजची तिथली प्रसिद्ध हमी होती. गाड्या भरधाव जाऊ लागल्या, अपघात झाले. १९९३ साली सेंट लुईसच्या ज्युरीने एका जखमी बाईला जवळजवळ ७ कोटी ९० लाख डॉलर देण्याचा निकाल दिला, आणि त्याच वर्षी कंपनीने ती हमी मागे घेतली. भारतात मात्र ३० मिनिटांची जाहिरात त्यानंतर आली.

इथे थोडे थांबून ‘पार्टनर’ या शब्दाबद्दल बोलले पाहिजे. या मुलांना कंपन्या नोकर म्हणत नाहीत, पार्टनर म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. इथे तोट्यात वाटा आहे, एवढे नक्की! नोकर म्हटले की प्रॉव्हिडंट फंड आला, ईएसआय आले, कामाचे तास आले. भागीदार म्हटले की सगळ्यातून सुटका.

इम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली कायमची बंद पडली. मधल्या सव्वाशे वर्षांत आपल्या किती पिढ्या तिथे राबल्या. मजुरी तुटपुंजी होती, कापडखात्यात आपल्या माणसांना शिरकाव मिळणे कठीण होते, हे सगळे खरे. पण माग मिलचा होता. माग बिघडला तर तो दुरुस्त करायचा खर्च मिलचा होता. भोंगा झाला की कामगार मोकळ्या हातांनी घरी येत असे. त्याने माग हप्त्याने विकत आणला नव्हता. कामाच्या तासांचेही तसेच. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज आमचा मुलगा रोज ११ तास धरले तरी आठवड्याचे ६६ तास लॉगिन असतो, आणि ते कुठल्याच रजिस्टरात नोंदले जात नाहीत.

‘हे आमचे कामगारच नाहीत’ हे उत्तर मात्र आपल्याला नवीन नाही. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ज्या घरांत बिड्या वळल्या गेल्या, त्या घरांतल्या आज्यांना विचारा. तेंदूपान आणि तंबाखू ठेकेदार द्यायचा, बिडी घरी वळायची, आणि नेऊन दिली की तो त्यातल्या काही बिड्या खराब ठरवून छाट काढायचा. छाटलेल्या बिडीचे पैसे नाहीत. हक्क मागितला तर उत्तर मिळे की या बाया घरी बसून, आपल्या सवडीने काम करतात, या कामगार कशा? शेवटी १९६६ साली बिडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार धरले. बिडी कारखानदार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि १९७४ साली कोर्टाने कायदा कायम केला. १९७६ साली बिडीवर उपकर लावून कल्याण निधी उभा राहिला. त्यातून ओळखपत्र असलेल्या बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, दवाखाने निघाले. जीएसटी आल्यावर २०१७ साली तो उपकर संपला, ती वेगळी रड.

हमालांची गोष्ट तर खास आपल्या महाराष्ट्राची. बाजारातल्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी या आडत्याचे पोते, दुपारी त्या व्यापाऱ्याचे. मग प्रॉव्हिडंट फंड भरायचा कुणी? १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर उपाय काढला. हमालांची आणि व्यापाऱ्यांची नोंदणी एका मंडळाकडे, मजुरी मंडळाकडे भरायची, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचे पैसे, बोनस. म्हणजे मालक एक नसला तरी हक्क देता येतो, हे या राज्याने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवले. मोबाईलवर तर प्रत्येक फेरीची, प्रत्येक रुपयाची नोंद आपोआप होते. पोत्यांवर लेव्ही बसू शकते तर पिझ्झ्यावर का बसू नये?

थोडी सुरुवात झाली आहे. सामाजिक सुरक्षेची केंद्रीय संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द तिने पहिल्यांदा कायद्यात आणले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरावी, असे त्यात आहे, मात्र ती कामगारांना दिलेल्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतःचे कायदे केले. पण गाडीच्या झिजेबद्दल, किमान वेतनाबद्दल केंद्राची ही संहिता या कामगारांना काही देत नाही. निधीचा लाभ नोंदणीशिवाय मिळणार नाही, म्हणून ई-श्रमवर आधार कार्डासह नाव नोंदवून घ्यावे, आणि किती दिवस काम केले, किती पैसे आले याची पडद्यावरची पाने फोटो काढून जपून ठेवावीत. आयडी बंद झाल्यावर ती पाने पुन्हा उघडत नाहीत.

दारातल्या वागणुकीबद्दलही लिहिले पाहिजे. मोठ्या इमारतींत डिलिव्हरीवाल्याने लिफ्ट वापरू नये अशा पाट्या लागतात, आणि जिने चढण्यात गेलेला वेळही त्याच्याच माथी. ऑर्डर देणाऱ्याला पोरगा यायच्या आधीच त्याचे नाव पडद्यावर दिसते. जुलै २०१९ मध्ये जबलपूरला एका ग्राहकाने जेवण आणणारा हिंदू नाही म्हणून ऑर्डर नाकारली, ते देशभर गाजले. जून २०२२ मध्ये लखनौला एका दलित तरुणाने, जात कळल्यावर आपल्या हातचे जेवण नाकारले आणि मारहाण केली, अशी पोलिसांत तक्रार दिली, आणि ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ऑर्डरींसाठी वेगळ्या, हिरव्या वेषातली माणसे नेमण्याची घोषणा केली. लाल टी-शर्टवाल्याला मग सोसायटीच्या फाटकातच अडवतील, अशी टीका झाली, आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा वेष मागे घेतला गेला. कुणाला काय खायचे ते त्याने खावे, पण आणणाऱ्याला रंगावरून ओळखायची सोय कशाला? असा प्रसंग आलाच तर ऑर्डरचा नंबर, वेळ, पत्ता लगेच लिहून ठेवावा आणि एकट्याने वाद न घालता चार मित्रांना बोलवून पोलीस ठाण्यात जावे.

शेवटी विम्याबद्दल, कारण हा विषय घरोघर दुर्लक्षित आहे. आपल्या नावाच्या खाजगी गाडीची पॉलिसी काढून पाहा. तिच्यात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालाची ने-आण (नमुने व स्वतःचे सामान सोडून) यांना ती लागू नाही, असे त्यात सापडेल. म्हणजे पेटी पाठीवर असताना गाडीचा चुराडा झाला तर नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला निमित्त आयते मिळते. एजंटाला ‘हे काम करतो, चालेल का’ असे आधीच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. काम देणाऱ्या कंपनीचा अपघात विमा असेल तर तो कधी लागू होतो, ऑर्डर हातात असतानाच की परतीच्या रिकाम्या फेरीतही, हेही विचारून ठेवावे.

त्याच पॉलिसीत गाडीमालकाला १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. त्यासाठी त्याच्याकडे चालू लायसन्स हवे आणि तोच गाडी चालवत असायला हवा. आपल्याकडे होते असे की मुलाला कर्ज मिळत नाही, म्हणून गाडी बापाच्या किंवा काकाच्या नावाने काढतात. रस्त्यावर मुलगा असतो आणि कागदावर बाप. अशा वेळी ते १५ लाखांचे संरक्षण मुलाला लागू पडत नाही. मुलासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी मिळते. ती घेताना त्याचा धंदा ‘डिलिव्हरी’ असाच लिहावा, ‘विद्यार्थी’ लिहू नये, आणि नॉमिनीच्या रकान्यात नाव भरले आहे ना, हे सही करण्याआधी पाहून घ्यावे. रस्ता अपघातात जखमी झालेल्याला दीड लाखापर्यंत, पहिल्या सात दिवसांसाठी, पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये आली आहे. तिच्यासाठी गाडी कुणाच्या नावाने आहे हे पाहिले जात नाही. जवळचे कोणते हॉस्पिटल त्या योजनेत आहे ते आजच विचारून, नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवावा.